भोंगा वाजण्याआधी : मुंबईच्या ३६ आमदारांना आणि ६ खासदारांना खुलं पत्र

सन्माननीय लोकप्रतिनिधींनो,

सप्रेम नमस्कार.

पक्ष न बघता हे पत्र सगळ्यांना एकत्रच लिहिते आहे. शहरातले १० आणि उपनगरांतले २६ आमदार, शिवाय ६ खासदार, असे तुम्ही ४२ जण. मी ६७ वर्षांची आहे. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. लालबागच्या चाळीत वाढले, आता मुलुंडला एका २२ मजली इमारतीत राहते. सीमेवर काय करावं हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि तशी गरजही नाही. ते काम ज्यांचं आहे ते चोख करतात. मला बोलायचं आहे ते घरच्या आघाडीबद्दल. युद्धाच्या दिवसांत मागे राहिलेल्या माणसांना नेता एकत्र कसा बांधतो आणि मुंबईत ती तयारी आज कुणाकडे आहे, याबद्दल.

७ मे २०२५ हा दिवस तुम्हाला आठवत असेल. २२ एप्रिलला पहलगाममध्ये २६ माणसं मारली गेली होती. त्यांत महाराष्ट्रातले ६ होते, ३ तर डोंबिवलीचे, म्हणजे आमच्याच मध्य रेल्वेच्या वाटेवरचे. ७ तारखेच्या पहाटे ‘ऑपरेशन सिंदूर’ची बातमी आली आणि त्याच दिवशी देशभर नागरी संरक्षणाच्या कवायती झाल्या. आपल्याकडे क्रॉस मैदानावर सायरन वाजला. आमच्या सोसायटीनेही स्वतःहून रात्री दहा मिनिटं दिवे बंद ठेवायचं ठरवलं. दिवे गेले, लिफ्ट बंद केली, सगळे खाली जमले. काही मुलं घोषणा देत होती. मी कार्यकारिणीतल्या एका गृहस्थांना विचारलं, ‘खरंच वेळ आली तर अकराव्या मजल्यावरच्या आजींना खाली कोण आणणार?’

ते म्हणाले, ‘कोणत्या आजी?’

सहा वर्षं त्या बाई अंथरुणाला खिळून आहेत. त्यांच्या दारावरून रोज पन्नास माणसं लिफ्टने वरखाली जातात.

त्याच रात्री सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक संदेश आला. आमच्या फाटकाशी चौदा वर्षं भाजीची गाडी लावणाऱ्या माणसाचा फोटो, आणि खाली एवढंच : ‘सध्या याला आत सोडू नका.’ कारण लिहिलं नव्हतं, त्याचं नावच कारण होतं. त्या संदेशाला बारा जणांनी संमतीचा अंगठा दाखवला. मी विरोध लिहिला, त्यावर कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवसापासून गाडी आली नाही. १० तारखेला शस्त्रविराम झाला, त्यानंतर दोन दिवसांनी तो परत आला. नेहमीसारखी कोथिंबीर वर ठेवून दिली, पण वर बघितलं नाही.

तेव्हापासून मला माझ्या वडिलांची वही आठवते आहे. हे पत्र त्या वहीमुळे लिहिते आहे.

दादा गिरणीत साचेखात्यात होते. १९७१ साली आमच्या चाळीचे नागरी संरक्षणाचे वॉर्डन झाले. डोक्यावर पत्र्याचं शिरस्त्राण, गळ्यात शिट्टी, हातात खाकी कागद लावलेली बॅटरी. ३ डिसेंबरला युद्ध पेटलं आणि मुंबईत ब्लॅकआऊट सुरू झाला. आम्ही खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवले, दिव्याला पुठ्ठ्याचा शंकू केला. गाड्यांचे अर्धे दिवे काळे रंगवले गेले. मी तेरा वर्षांची होते. लालबागच्या पोरांना भोंगा काय नवीन? पहाटेपासून गिरण्यांचे भोंगेच ऐकत मोठे झालो. पण तो भोंगा पाळीला बोलवायचा. हा वाजला की आई धाकट्याला पोटाशी घेऊन जिन्याखाली बसायची.

शिट्टी आणि शिरस्त्राण सगळ्यांच्या लक्षात राहिलं. माझ्या लक्षात राहिली ती शंभर पानी वही. दादांनी चाळीतल्या प्रत्येक खोलीत जाऊन ती भरली होती. खोली १४ : म्हातारी, डोळ्यांनी दिसत नाही, खाट उजव्या हाताला. खोली २२ : बाळंतपण जवळ, सातवा महिना संपत आला. खोली ३१ : पाच गडी, दोघे रात्रपाळीला, बाहेरून कुलूप दिसलं तरी आत माणूस असतो. खोली ४० : मुलगा फिट येणारा, भोंग्याला घाबरतो, आधी त्याच्याकडे जाणे. हे ‘आधी त्याच्याकडे जाणे’ त्यांनी लाल पेन्सिलीने अधोरेखित केलं होतं.

समोरच्या चाळीचे वॉर्डन एक मुसलमान शिंपी होते. आम्ही त्यांना शिंपीकाका म्हणायचो. दोघे मिळून रात्री फेरी मारायचे. एक गल्लीच्या या बाजूला, एक त्या बाजूला, ‘दिवा घालवा, तिसरा माळा, दिवा घालवा.’ आणि त्यांनी एक गोष्ट केली होती, जी मला फार पुढे, दादा गेल्यावर, त्यांच्या ट्रंकेत कळली. ट्रंकेत वह्या दोन होत्या. दुसरी शिंपीकाकांच्या चाळीची होती, त्यांच्या अक्षरातली नक्कल. तशीच आमच्या चाळीची नक्कल त्यांच्याकडे असणार. एकाला काही झालं तर दुसऱ्याकडे सगळ्यांचा हिशेब राहावा म्हणून.

९ डिसेंबरला दीवजवळच्या समुद्रात आयएनएस खुकरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आपल्या जहाजाबरोबर गेले. मुंबईच्या बंदरातून निघालेली माणसं ती. बातमी चाळीत कळली त्या रात्री दादा फेरीला निघाले, तेव्हा कुणालाच ‘दिवा घालवा’ म्हणावं लागलं नाही.

पुढे इतिहास शिकवताना मी युद्धकाळातले नेते वाचत गेले, आणि प्रत्येक ठिकाणी मला त्या वहीचाच प्रश्न पडत गेला. या माणसाने कुणाकुणाला हिशेबात धरलं? आपल्याकडे ‘मला कुणी हिशेबात धरत नाही’ असं माणूस कळवळून म्हणतो. ते दुःख युद्धात सगळ्यांत तीव्र असतं. आणि आपण हिशेबात आहोत हे कळलं की तोच माणूस वाळूची बादली घेऊन गच्चीवर उभा राहतो.

चर्चिलचं उदाहरण सगळे देतात, म्हणून मीही देते, पण पूर्ण देते. १० मे १९४० ला ते ब्रिटनचे पंतप्रधान झाले आणि १३ मेला त्यांनी संसदेत सांगितलं की रक्त, कष्ट, अश्रू आणि घाम यांखेरीज माझ्याकडे देण्यासारखं काही नाही. जूनमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डंकर्कहून तीन लाखांहून जास्त सैनिक सुखरूप परत आले. देश आनंदात होता, आणि त्याच वेळी या माणसाने सांगितलं की माघार घेऊन युद्धं जिंकली जात नाहीत, झाली आहे ती मोठी लष्करी आपत्तीच आहे. ७ सप्टेंबरपासून लंडनवर बॉम्ब पडू लागले, सलग ५७ रात्री. पहिल्या रात्रीनंतर दुसऱ्याच दिवशी ते गोदी कामगारांच्या वस्तीत जाऊन उभे राहिले. राजवाड्यावर बॉम्ब पडला तेव्हा राणीने म्हटलं की बरं झालं, आता ईस्ट एंडच्या, म्हणजे त्या गोदीकडच्या वस्तीच्या, लोकांच्या नजरेला नजर देता येईल. शिधापत्रिका राजघराण्यालाही होती.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि ती भाषणांत सापडत नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेची स्थानकं आसरा म्हणून वापरायला सरकारचा आधी विरोध होता. लोकांनी तिकिटं काढली, फलाटावर उतरले आणि रात्रभर तिथेच राहिले. सरकारने काही दिवसांत हट्ट सोडला. तिथे झोपायला बाकं, शौचालयं, चहा-खाण्याची सोय केली. लोकांनी वाट दाखवल्यावर मागे येण्यात त्या सरकारला कमीपणा वाटला नाही. तुमच्या कार्यालयात कुणी साधी बाई येऊन असं काही सुचवेल तेव्हा हे आठवा.

आता दुसरी बाजू. तोच पंतप्रधान, तेच साम्राज्य, तेच युद्ध. १९४२ साली जपानी येतील म्हणून बंगालमधल्या होड्या जप्त केल्या, किनारी भागातला तांदूळ उचलला. १९४३ च्या दुष्काळात किती माणसं मेली? सरकारी चौकशीने १५ लाख म्हटलं, नंतरच्या अभ्यासकांनी ३० लाखांपर्यंत आकडा नेला. धान्याची जहाजं मागितली गेली, लंडनच्या मंत्रिमंडळाने पुरेशी दिली नाहीत. चर्चिलच्या वहीत लंडनची प्रत्येक गल्ली होती आणि बंगालची उपाशी गावं नव्हती. मी वर्गात दोन्ही गोष्टी एकाच तासाला शिकवायचे. एकच शिकवली तर मुलांशी खोटं बोलल्यासारखं झालं असतं.

मुंबईचं त्या वेळी काय चाललं होतं? ८ ऑगस्ट १९४२ ला गोवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे नेते अटकेत. ज्यांच्या शब्दावर शहर उठलं-बसलं असतं त्यांनाच कोंडून सरकार लोकांना युद्धाला मदत मागत होतं. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी चोरून रेडिओ चालवत होते आणि लोक सरकारी रेडिओपेक्षा त्यावर विश्वास ठेवत होते. तरी १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झालं आणि इथे बंगालसारखी माणसं मेली नाहीत. रेशनकार्ड ही माणसाला हिशेबात धरणारी वहीच होती. रांगेत उभं राहायला कंटाळायची आमची आजी, पण कार्ड मात्र देवाच्या फोटोमागे ठेवायची.

आणि मग १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज लागलं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, त्यांच्याच संगतीला कराचीत भरलेल्या कापसाच्या हजारो गाठी, शिवाय सोन्याच्या विटा. दुपारी आग लागली, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासात दुसरा. शिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. आज आपण १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतो तो त्यांच्यासाठी. मेलेल्यांचा आकडा कमीत कमी ८०० धरतात, त्याहून पुष्कळ जास्तही सांगतात. मांडवी, मस्जिद बंदर, डोंगरी इथली वस्ती उद्ध्वस्त झाली. आणि सरकारने काय केलं? बातमी दाबली. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी सविस्तर सांगितलं, आणि आपल्याकडून वार्ताहरांना बातम्या पाठवायची परवानगी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. ज्या शहरात माणसांच्या घरांवर जळता कापूस पडला, त्या शहराला काय झालं ते शत्रूच्या रेडिओने सांगावं! आपल्या माणसावरचा विश्वास अशानेच उडतो.

हे जुनं म्हणून सोडून देऊ नका. २०२५ च्या मे महिन्यात ८ तारखेच्या रात्री काही वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगून टाकलं. तसं काही झालं नव्हतं. १९४४ ला खरं दाबलं होतं, २०२५ ला खोटं ओरडून सांगितलं. दोन्ही वेळी घरात बसलेल्या माणसाला अंधारातच ठेवलं. त्या रात्री माझ्या भाच्याचा मुलगा, वय वर्षं नऊ, उड्या मारत होता, आणि सकाळी विचारत होता, ‘आजी, मग ते खोटं का बोलले?’ मला नीट उत्तर देता आलं नाही. तुम्हा ४२ जणांपैकी एकाने जरी त्या रात्री आपल्या मतदारांना सांगितलं असतं की अधिकृत माहिती येईपर्यंत थांबा, तर मी त्याला ते नाव सांगितलं असतं.

१९६२ च्या चीन युद्धाबद्दल मराठी माणूस बोलायला लागला की यशवंतरावांवर येतो. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, हे वाक्य माझ्या पिढीला पाठ आहे, आणि त्याचा अभिमान मलाही आहे. बायकांनी अंगावरचं सोनं संरक्षण निधीला दिलं, माझ्या आईने कानातली फुलं दिली. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात ईशान्येकडचं बोमडिला चिन्यांच्या हाती पडल्यावर आसामातल्या तेजपूरमध्ये काय झालं तेही बघा. लोकांच्या आधी सरकारी यंत्रणा गाव सोडून निघाली, बँकेतल्या नोटा जाळल्या. पंडित नेहरू रेडिओवर म्हणाले की आसामच्या लोकांसाठी माझं काळीज तुटतं आहे. त्यांना मनापासून वाईट वाटलं असणार, यात मला शंका नाही. पण आसामी माणसाला त्यातून निरोप घेतल्यासारखं ऐकू आलं आणि साठ वर्षांनंतरही तो सल गेलेला नाही. त्याच युद्धात चिनी वंशाच्या सुमारे ३,००० भारतीयांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं. अपराध कुणाचा सिद्ध झाला होता? आपल्या माझगावात आजही एक चिनी देऊळ आहे. तिथे गेलं की मला नेहमी वाटतं, त्या वर्षी इथे दिवा लावायला येणाऱ्याला शेजाऱ्यांनी कसं बघितलं असेल.

आमच्या भाजीवाल्याने वर का बघितलं नाही, ते मला तिथे कळतं.

तीनच वर्षांनी लालबहादूर शास्त्रींनी दाखवलं की दुसऱ्या पद्धतीनेही जमतं. त्यांच्यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण आमच्या घरात ते प्रत्यक्ष आले होते असं मला लहानपणी वाटायचं.

१९६५ ला पाऊस दगा देऊन गेला. आदल्या वर्षी देशात सुमारे ८ कोटी ९० लाख टन धान्य पिकलं होतं, त्या वर्षी ७ कोटी २० लाखांच्या आसपास. अमेरिकेचा गहू बोटींतून यायचा आणि युद्ध सुरू झाल्यावर तोच गहू आपल्या गळ्यातली दोरी झाला. शास्त्रींनी देशाला सांगितलं : आठवड्यातून एक जेवण सोडा, सोमवारी संध्याकाळचं. त्यांच्या घरच्यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे की आधी त्यांनी स्वतःच्या घरात संध्याकाळची चूल बंद ठेवून पाहिली, मुलं राहू शकतात का बघितलं, आणि मगच रेडिओवर गेले. सरकारी बंगल्याच्या हिरवळीवर नांगर घातला. ‘जय जवान, जय किसान’ ही घोषणा त्याच दिवसांतली. जवानाच्या शेजारी शेतकऱ्याला उभं करून त्यांनी कुदळ धरणाऱ्यालाही लढाईत घेतलं.

आता मुंबईतली गोष्ट. माझी आजी सोमवार करायची. दिवसभर निर्जळी आणि संध्याकाळी शंकराला नैवेद्य दाखवून सोडायची. सोमवारची संध्याकाळ हेच तिचं जेवण. रेडिओवर शास्त्रींचं ऐकलं आणि ती गप्प बसली. आईला वाटलं, म्हातारीला आता उपवासाचा दिवस बदलावा लागणार. त्या सोमवारी तिने नैवेद्य दाखवला, तो शेजारच्या बाळंतिणीला देऊन टाकला आणि पाणी पिऊन निजली. मंगळवारी सकाळी सोडला. म्हणाली, ‘त्याने मागितलंय. आजवर माझ्याकडं कुणी काय मागितलंच नव्हतं.’ मी सात वर्षांची होते. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, आयुष्यात सरकारने तिला काही विचारलं नव्हतं. तो एक घास मागून शास्त्रींनी तिला फौजेत भरती करून घेतलं. युद्ध सप्टेंबरमध्ये थांबलं, जानेवारीत ताश्कंदला शास्त्री गेले. आजीने सोमवारची संध्याकाळ पुढे कधीच घेतली नाही.

आणि शस्त्रविरामानंतर काही दिवसांनी, २६ सप्टेंबरला, दिल्लीच्या रामलीला मैदानावर शास्त्री बोलले ते मला प्रत्येक लोकप्रतिनिधीने वाचावंसं वाटतं. परदेशी रेडिओने सूर लावला होता की पंतप्रधान हिंदू म्हणून हे युद्ध. शास्त्रींनी उत्तर दिलं ते असं : मी हिंदू आहे, या सभेचे अध्यक्ष मीर मुश्ताक मुसलमान आहेत, आत्ताच बोलले ते फ्रँक अँथनी ख्रिश्चन आहेत, इथे शीख आहेत, पारशी आहेत. व्यासपीठावर बसलेल्या माणसांकडे बोट दाखवून त्यांनी ते सांगितलं. मोजून दाखवलं. त्या महिन्यात पंजाबातल्या असल उत्तरजवळ रणगाडे फोडत अब्दुल हमीद गेले होते आणि मुंबईत जन्मलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर सियालकोट आघाडीवर गेले होते. दोघांनाही परमवीरचक्र. शास्त्रींना आकाशातून काही आणायचं नव्हतं, समोर होतं तेच बोलून दाखवायचं होतं.

आपल्याकडे तर याहून जुना धडा आहे. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र तुम्ही शाळेत ऐकलं असेल. पावसाळा तोंडावर, घोडदळ छावणीत. महाराज लिहितात की दाणा-वैरण आत्ताच उधळलीत तर पावसात मिळणार नाही, घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल. कोणी दाणे, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी फाटे, कोणी भाजी आणाल. रयत म्हणेल की तुमच्यापेक्षा मोगल बरे. आणि पुढे, गवताच्या गंजीपाशी दिवा जळता ठेवू नका, उंदीर जळती वात घेऊन जाईल आणि आग लागेल. औरंगजेबाच्या साम्राज्याशी झुंजणारा राजा उंदराने नेलेल्या वातीचा विचार करतो आहे! फोर्ट स्टिकिनमध्ये स्फोटकांच्या शेजारी कापूस भरणाऱ्यांपैकी एकालाही तो विचार सुचला नाही. जयंतीला मिरवणुका काढता, त्याला माझी हरकत नाही. त्या पत्रातला उंदीर मात्र आपल्या मतदारसंघात शोधा.

मुंबईकरांना तुम्ही नेहमी एक प्रशस्तिपत्र देता, ‘मुंबई स्पिरिट’. ११ जुलै २००६ ला लोकलगाड्यांत स्फोट झाले तेव्हा रुळांलगतच्या झोपड्यांतली माणसं घरातल्या चादरी घेऊन धावली आणि त्या चादरींवरून जखमींना नेलं. ज्यांच्या घरात तीन चादरी होत्या त्यांनी तिन्ही दिल्या. ते पाहून आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि पुढच्या वेळी स्ट्रेचर कुठे असेल हे ठरवलं नाही. लोकांच्या चांगुलपणावर सगळं सोडून देणं म्हणजे नेतृत्व नव्हे. मला हे बोलताना राग येतो, आणि तो लपवायची इच्छा नाही.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे.

प्रत्येक इमारतीत, प्रत्येक चाळीत, झोपडपट्टीच्या प्रत्येक गल्लीत एक वॉर्डन आणि एक वही हवी. नागरी संरक्षण दल आजही आहे, १९६८ चा कायदा आहे, प्रशिक्षण देणारी माणसं आहेत. आमच्या इमारतीतल्या तरुणांना हे माहीतच नाही. तुम्ही स्वतः जाऊन प्रशिक्षण घ्या, आग विझवायला शिका, माणूस कसा उचलायचा ते शिका, आणि मग तुमच्या मतदारसंघातल्या लोकांना या म्हणून सांगा. शास्त्रींनी आधी स्वतःची चूल बंद केली होती. वहीवर तुमचा फोटो नको. वह्या दोन करायला सांगा, एक शेजारच्या इमारतीत ठेवा, आणि जमेल तिथे शेजारची इमारत दुसऱ्या धर्माच्या, दुसऱ्या भाषेच्या माणसांची निवडा.

एरवी तुम्ही एकमेकांवर काय बोलायचं ते बोला, ती लोकशाही आहे. पण शांततेच्या काळात एकदा ४२ जण एका व्यासपीठावर या. कामाठीपुऱ्यातला, धारावीतला, वांद्र्यातला, गोवंडीतला, बोरिवलीतला, मुलुंडचा, आमचा माणूस तिथे शेजारी शेजारी बसलेला आम्हाला दिसू दे. युद्धाच्या दिवसांत मुंबईत कुणाकडे त्याच्या नावामुळे देशप्रेमाचा पुरावा मागितला तर आम्ही ४२ जण त्याच्या दारात उभे राहू, एवढंच म्हणा. ते भोंगा वाजल्यावर सुचणार नाही, आणि तेव्हा म्हटलंत तर कुणी मानणारही नाही.

आणि वाईट बातमी तुमच्या तोंडून आधी येऊ दे. ठरलेल्या वेळी, रोज, थोडक्यात. आज हे झालं, हे अजून कळलं नाही, उद्या पाणी एवढाच वेळ येईल. मते मिळतील म्हणून हे करू नका. ज्या चर्चिलने इंग्लंड बांधून ठेवलं त्यांनाच जुलै १९४५ मध्ये लोकांनी निवडणुकीत घरी पाठवलं. लोकांना पुढच्या दिवसांत घर, दवाखाना, नोकरी हवी होती, त्यांनी त्याचा हिशेब वेगळा केला. तुमच्या बाबतीतही तो वेगळाच होईल.

मी माझ्या इमारतीची वही सुरू केली आहे. २२ मजले, ८८ घरं. आजवर ६१ घरं झाली. दारावर गेल्यावर सगळे आधी विचारतात, ‘कशाची वर्गणी?’ मग बसवून घेतात, मग सांगत राहतात. सातव्या मजल्यावर एक मुलगी एकटी राहते, तिला ऐकू येत नाही, सायरन वाजला तरी कळणार नाही. तिच्या नावापुढे मी लाल पेन्सिलीने लिहिलं आहे. अकराव्या मजल्यावरच्या आजींना खुर्चीत बसवून जिन्याने खाली कसं आणायचं, याचा सराव दोन मुलांनी केला. त्यातला एक तोच, ज्याने त्या संदेशाला अंगठा दाखवला होता. भाजीवाल्याचं नाव, त्याच्या घरची माणसं, त्याचा दवाखाना हेही वहीत आहे, कारण दिवसाचे सहा तास तो आमच्या फाटकाशी असतो आणि आग लागली तर पहिला त्यालाच दिसेल. दुसरी प्रत मी शेजारच्या इमारतीत दिली आहे.

उरलेली २७ घरं पुढच्या महिन्यापर्यंत होतील. तुमच्यापैकी कुणाला वही बघायची असेल तर घरी या. दादांची आणि शिंपीकाकांचीही काढून ठेवते.

आपली,
मुलुंडची एक मतदार, निवृत्त इतिहास शिक्षिका